मरळीच्या गळामागं बासचा इतिहास: आपल्या हातातलं सामान आलं कुठून?

बेळगाव जिल्ह्यात हिडकल धरणाच्या बॅकवॉटरला किंवा सदलग्याकडं दूधगंगेवर रविवारी जी पोरं रॉड घेऊन उभी दिसतात ना, त्यांच्या हातातलं बरंचसं सामान मूळ एका परक्या माशासाठी घडलंय. तो मासा म्हणजे अमेरिकेतला लार्जमाउथ बास. आपल्याकडं त्याच सामानावर मरळ धरतात आणि ते जमतंय यालाही कारण आहे, दोघांचं नातंगोतं काही नाही खरं सवय सारखी, गवतात नाहीतर बुडक्या झाडाच्या आडोशाला दबा धरून बसायचं आणि वरनं बेडूक गेला की झडप घालायची. दुकानदार 'मिडियम हेवी, फास्ट, 12 ते 20 पौंड' म्हणतो, म्हणजे रॉडचा दणकटपणा, ती टोकाशीच वाकते की खालपर्यंत ते, आणि तिला चालणाऱ्या दोरीची ताकद, तेव्हा हे आकडे कशातनं आले ते माहीत असलं की पैसे वाया जात नाहीत, म्हणून हे लिहितोय.

आपलं जुनं सामान म्हणजे कळकाची काठी, तंगूस, शिसं, मोरपिसाची काडी आणि गांडूळ. बारक्या माशांना ते आजही उत्तम आहे, त्याला कुणी कमी लेखू नये. खरं काठीच्या लांबीपलीकडं गळ जात नाही, आणि बासवाल्यांची अडचणही नेमकी हीच होती.

ती सोडवली घड्याळजींनी. केंटकी राज्यातल्या पॅरिस गावचा जॉर्ज स्नायडर हा घड्याळं आणि चांदीकाम करणारा माणूस, त्यानं 1810 ते 1820 च्या दरम्यान दातेरी चाकांची रीळ बनवली, म्हणजे हँडल एकदा फिरवलं की स्पूल, म्हणजे दोरी गुंडाळायची फिरकी, अनेकदा फिरणार. पुढं केंटकीतल्याच फ्रँकफर्टच्या मीक बंधूंनी, तेही घड्याळजीच, तिच्यात इतकी सफाई आणली की केंटकी रीळ ही ओळखच झाली. आज आपण 7:1 गिअर रेशो (हँडलच्या एका फेऱ्यात स्पूलचे सात) बघून बेटकास्टर, म्हणजे फेकताना स्पूल फिरणारी रीळ, घेतो त्याचं मूळ तिथं आहे. 1890 च्या दशकात मिशिगनमधल्या कॅलामाझूच्या विल्यम शेक्सपिअर ज्युनिअरनं दोरी स्पूलवर सारखी पसरवणारा लेव्हल वाइंड आणला, त्याआधी अंगठ्यानं दोरी सरकवत गुंडाळावी लागायची. मग 1950 च्या दशकात स्वीडनहून आबू कंपनीची अँबॅसेडर 5000 ही रीळ आली आणि बासवाल्यांनी डोक्यावर घेतली, ही कंपनीसुद्धा आधी घड्याळं आणि टॅक्सीचे मीटर बनवायची बघा. स्पूल दोरीपेक्षा जोरात फिरला की होणारा गुंता मात्र सुटला नव्हता, स्पूलला चुंबकानं आवरणारे मॅग्नेटिक ब्रेक रुळले ते 1980 च्या दशकात.

स्पिनिंग रीळ, म्हणजे आपल्याकडं बहुतेकजण जिच्यावर शिकतात ती, वेगळ्या घरातली. इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डचा आल्फ्रेड इलिंगवर्थ हा कापडगिरणीतला माणूस, त्यानं 1905 मध्ये तिचं पेटंट घेतलं. गोकाक फॉल्सच्या गिरणीत ज्यांच्या घरचं कुणी कामाला होतं त्यांना हे लगेच कळेल, बॉबिन जागच्या जागी उभी असते आणि सूत तिच्या टोकावरनं सुटत जातं, तसंच इथं स्पूल फिरतच नाही, दोरी कडेवरनं निघते, म्हणून हलका गळसुद्धा लांब जातो आणि गुंता कमी होतो.

नकली बेडकाची गोष्ट मला सगळ्यात आवडते. मिशिगनमधल्या डोवाजॅकचा जेम्स हेडन, म्हणतात की तळ्याकाठी मित्राची वाट बघत लाकूड तासत बसला होता, तो तुकडा पाण्यात फेकला आणि बासनं त्याच्यावर झडप घातली. गोष्ट खरी असो नसो, 1890 च्या दशकात त्यानं लाकडाचे बेडूक कोरले आणि पुढं त्यातनं मोठी कंपनी उभी राहिली. मऊ प्लास्टिकचं गांडूळ 1949 च्या सुमारास ओहायोच्या निक क्रीमनं बनवलं.

सामान खऱ्या अर्थानं जाड झालं ते धरणांमुळं. 1933 नंतर अमेरिकेच्या टेनेसी खोऱ्यात आणि पुढं दक्षिणेकडं एकामागून एक धरणं झाली, रानं, कुंपणं, रस्ते पाण्याखाली गेले आणि बास त्या बुंध्यांत जाऊन बसला. मासा लागला की तो आत शिरायच्या आत ओढून काढायचा, त्याला नाजूक काठी चालत नाही. 1947 ची शेक्सपिअरची फायबरग्लास रॉड, 1970 च्या दशकातली ग्राफाइट, 1938 मध्ये जाहीर झालेलं नायलॉन आणि नंतरची ब्रेड म्हणजे विणलेली दोरी, सगळं त्या कामाला लागलं. 1967 मध्ये रे स्कॉटनं बास धरायची पहिली मोठी स्पर्धा घेतली तीही आर्कान्सामधल्या बीव्हर लेक या धरणाच्याच पाण्यात, आणि 1972 पासून तो मासा जिवंत सोडायचा आग्रह धरू लागला. जपानात बास 1925 मध्ये आशी तलावात सोडला होता, तिथं त्याचं वेड इतकं पसरलं की आज बासच्या सामानात शिमानो आणि दायवा ही नावं सगळ्यात पुढं आहेत, आणि त्याच देशात 2005 पासून हा मासा घातक परदेशी जात ठरला, तो पाळायला, जिवंत न्यायला आणि पाण्यात सोडायला कायद्यानं बंदी आहे. म्हणून कुणी उत्साहानं आपल्या तळ्यात बास आणून सोडायचं बोललं तर त्याला तिथंच थांबवा.

आपल्याकडचं पाणी आता त्या धरणांसारखंच आहे. हिडकलचं पाणी उतरलं की हुन्नूरचं विठ्ठल मंदिर वर येतं, म्हणजे पाण्याखाली भिंती, बांध, बुंधे किती असतील विचार करा, आणि नदीला बंधाऱ्यामागं केंदाळ. अशा जागी मरळीला सात फुटी मिडियम हेवी किंवा हेवी रॉड, 30 ते 50 पौंडांची ब्रेड आणि वर वळलेल्या दोन गळांचा पोकळ बेडूक, हे माझं मत. केंदाळाच्या फटीत बेडूक थांबवायचा, मरळीनं घेतला की लगेच झटका द्यायचा नाही, दोरी ताठ होऊन जड लागली की मग झटका मारायचा आणि ड्रॅग, म्हणजे दोरी सुटू न देणारा रीळचा ब्रेक, घट्ट ठेवून मरळीचं डोकं वरच धरायचं. पावसाच्या तोंडाला लालसर पिल्लांचा घोळका वर दिसला तर तिथं टाकू नका, खाली आई-बाप राखण करत असतात, भूक नसली तरी झडप घालतात. धरणावर ठेका असतो, आधी विचारून घ्यायचं. उघड्या पाण्यात नवशिक्यानं बेटकास्टरच्या नादी लागू नये, 2500 ते 3000 साइजची स्पिनिंग रीळ आणि मिडियम रॉड पुरे, बेटकास्टर केंदाळातल्या मरळीसाठीच घ्यावा.