अमेरिकन मराठी मिशन : परतीच्या हुकमापासून मुंबईच्या छापखान्यापर्यंत

अमेरिकन मराठी मिशनसाठी मुंबई हे कोणी ठरवलेले ठिकाण नव्हते. १८१२ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या सेलम आणि फिलाडेल्फिया बंदरांतून दोन जहाजे सुटली. त्यांतून निघालेल्या ‘अमेरिकन बोर्ड’ या परदेशी मिशनसंस्थेच्या पाच तरुण मिशनऱ्यांच्या मनात ब्रह्मदेश होता. कलकत्त्याला पाय टेकतात न टेकतात तोच ईस्ट इंडिया कंपनीने परतीचा हुकूम काढला. मिशनरी आले की लोक बिथरतील आणि व्यापार बिघडेल, ही कंपनीची जुनी धास्ती. त्यात जूनमध्ये अमेरिका आणि ब्रिटन यांच्यात युद्ध पेटले आणि हे पाहुणे शत्रुराष्ट्राचे ठरले.

सगळ्यांची पांगापांग झाली. ॲडोनिराम जडसन आणि ल्यूथर राईस यांनी कलकत्त्यातच बाप्टिस्ट मत (बाप्तिस्मा बालकांना नव्हे, विश्वास ठेवणाऱ्यांनाच द्यावा, हे मत) स्वीकारले. बोर्डाचे मत वेगळे, म्हणजे पाठवणाऱ्या बोर्डाशी नातेच तुटले. बोर्डाला हा मोठा फटका होता. पण जडसन रंगूनला पोचले आणि पुढे त्यांच्या हातून बर्मी बायबल झाले. राईस मायदेशी परतले, गावोगाव फिरले, आणि १८१४ मध्ये अमेरिकेतल्या बाप्टिस्ट मंडळ्यांची (चर्चची) स्वतःची परदेशी मिशनसंस्था उभी राहिली.

सॅम्युएल नेवेल आणि त्यांची पत्नी हॅरिएट मॉरिशसकडे निघाले. वाटेत जहाजावरच मूल जन्मले आणि काही दिवसांत गेले. ३० नोव्हेंबर १८१२ रोजी हॅरिएटही गेली. वय अवघे १९. तिची पत्रे आणि रोजनिशी पुढे छापली गेली आणि ती वाचून अमेरिकेत अनेकांची मने मिशनकार्याकडे वळली. तरीही या मृत्यूला आशीर्वाद म्हणायला माझी जीभ रेटत नाही. देवाने त्या राखेतून काही उगवले एवढेच म्हणेन.

उरले गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट. १८१३ च्या फेब्रुवारीत ते मुंबईला आले. गव्हर्नर सर इव्हान नेपियन मनाने चांगले, पण वरचा हुकूम पाळणे त्यांना भाग होते. दोघे गुपचूप जहाजाने कोचीनला निसटले, तिथून त्यांना परत आणले. मग त्यांनी गव्हर्नरांना कळकळीची पत्रे लिहिली. त्याच वर्षी कंपनीच्या नव्या सनदेने मिशनऱ्यांना दार किलकिले केले आणि अखेर राहण्याची परवानगी मिळाली. नेवेल १८१४ मध्ये येऊन मिळाले. नॉट मात्र आजारपणामुळे लवकरच परतले.

राहायला जागा मिळाली म्हणून ख्रिस्ती मंडळी वाढली असे नाही. हॉल मराठी शिकले, रस्त्यांवर, देवळांजवळ बोलत राहिले. वर्षामागून वर्षे गेली तरी बाप्तिस्मे बोटांवर मोजण्याइतकेच. १८२१ मध्ये नेवेल पटकीने (कॉलऱ्याने) गेले. मार्च १८२६ मध्ये हॉल नाशिकला गेले, तर तिथे पटकीने थैमान मांडलेले. जवळची औषधे रोग्यांना वाटत ते फिरले. औषधे संपत आली तेव्हा मुंबईची वाट धरली. वाटेत एका खेड्यातल्या देवळाच्या ओसरीवर रात्री पाठ टेकली, तिथेच पहाटे पटकीने गाठले. २० मार्चला त्यांनी प्राण सोडला. पत्नी तेव्हा अमेरिकेत होती. सोबतच्या पोरांनी मूठमाती दिली. बायबलच्या ज्या मराठी नव्या कराराच्या भाषांतरासाठी ते झिजले, तो त्याच वर्षी छापून पूर्ण झाला.

पुढच्याच वर्षी सिंथिया फॅरार ही अविवाहित शिक्षिका आली. तिची अहमदनगरची मुलींची शाळा जोतिराव फुल्यांनी पाहिली, हे बहुतेकांना ठाऊक आहे. छापखान्याची गोष्ट त्यामानाने कमी सांगितली जाते.

१८१७ पासून मिशनच्या छापखान्यात मराठी छपाई सुरू झाली. हेतू एकच, सुवार्ता. पण खिळे (छपाईची धातूची अक्षरे) जुळवायला, शाई लावायला माणसे इथलीच लागली. गणपत कृष्णाजी तिथे हे काम शिकले आणि १८३१ च्या सुमारास स्वतःचा शिळाछापखाना (दगडावरून छापणारा) काढून पंचांग छापू लागले. शाईत चरबी असेल या भयाने सोवळी माणसे छापील कागदाला हात लावत नसत, म्हणून त्यांनी तुपाची शाई केली, असे सांगतात. नंतर जावजी दादाजी हे पोरवयात याच छापखान्यात कामाला लागले. तिथल्या टॉमस ग्रॅहॅम यांच्या हाताखाली ते अक्षर पाडायला, म्हणजे खिळे घडवायला, शिकले. १८६९ मध्ये त्यांनी निर्णयसागर छापखाना काढला, आणि काशीपर्यंतच्या पंडितांनी संस्कृत ग्रंथ वाचले ते त्यांच्या खिळ्यांतून.