सीसीआर५ आणि सीएक्ससीआर४: एक धाडतो, दुसरा धरून ठेवतो

एचआयव्हीबद्दल काहीही वाचायला घेतलं की ही दोन नावं जोडीनंच भेटतात. दोन्ही पांढऱ्या पेशींच्या पृष्ठभागावरचे रिसेप्टर, म्हणजे बाहेरचा निरोप टिपणारे, दोन्ही पेशीच्या आवरणातून सात वेळा आत-बाहेर ओवलेली प्रथिनं, आणि पेशीत शिरताना विषाणू या दोघांपैकी एकाचा आधार घेतो. त्यामुळे बहुतेकांच्या डोक्यात ते जुळे भाऊ होऊन बसतात. पण विषाणू हा दोघांकडेही आगंतुक पाहुणा. त्यांचं रोजचं काम पाहिलं, तर हे दोघे जवळजवळ उलट्या कामाला जुंपलेले आहेत.

आधी नावांची भानगड मिटवू. केमोकाईन म्हणजे पेशींना वाट दाखवणारी लहान प्रथिनं, साधारण ७० ते १०० अमिनो आम्लांची. माणसात ती पन्नासच्या आसपास आहेत आणि त्यांचे रिसेप्टर विसेक. केमोकाईनच्या सुरुवातीची दोन सिस्टीन (हेही एक अमिनो आम्लच) शेजारी-शेजारी असली तर 'सीसी', मध्ये आणखी एक अमिनो आम्ल शिरलं असेल तर 'सीएक्ससी'. पुढे 'एल' आला तर तो निरोप, 'आर' आला तर निरोप घेणारा. शेवटचा आकडा नुसता अनुक्रमांक आहे, त्यावरून काहीही ताडू नये.

सीसीआर५ असतो तो मुख्यतः स्मृती टी पेशी (आधी भेटलेला जंतू लक्षात ठेवणाऱ्या) आणि मॅक्रोफेज (जंतू गिळणाऱ्या पेशी) यांच्यावर. कुठे जंतू शिरला, सूज आली, की तिथल्या पेशी सीसीएल३, सीसीएल४, सीसीएल५ सोडतात. ही प्रथिनं जवळच्या रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराला चिकटून बसतात. रक्ताबरोबर वाहत आलेली टी पेशी त्या अस्तरावरून गडगडत जाते, वाटेत रिसेप्टरला केमोकाईन लागतं आणि क्षणात तिच्या अंगावरचे इंटिग्रिन, म्हणजे चिकटण्याच्या कामाची प्रथिनं, घट्ट पकड घेतात. मग ती भिंतीतून अंग चोरून पलीकडे उतरते. पलीकडे गेल्यावर वास घेत जायला तिला नाक नाही. अंगाच्या एका बाजूला किती रिसेप्टर भरले आणि दुसऱ्या बाजूला किती, एवढा फरक ती ओळखते आणि जास्तीच्या बाजूला ॲक्टिन या प्रथिनाचे धागे वाढवत सरकते.

सीएक्ससीआर४ हेच सगळं करू शकतो. पेशीच्या आतली यंत्रणाही बरीचशी तीच. फरक आहे तो निरोप कुठून येतो यात. सीसीआर५ ला बोलावणारे अनेक, सीएक्ससीआर४ ला ओळखीचं केमोकाईन एकच: सीएक्ससीएल१२. आणि ते मुबलक तयार होतं अस्थिमज्जेत, रोज, कसलाही संसर्ग नसताना. त्यामुळे जिथे पेशी जन्मली तिथूनच तिला ओढ लागलेली असते आणि ती जागची हलत नाही. मूळपेशी (ज्यांच्यापासून सगळ्या रक्तपेशी बनतात) आणि नवे न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) मज्जेत टिकून राहतात ते मोठ्या प्रमाणावर या बंधामुळे. हे रिसेप्टर गोंधळात टाकतात ते इथेच, असं मला वाटतं. आपण धरून चालतो की केमोकाईन रिसेप्टर म्हणजे पेशीला पळवणारी वस्तू. तो फक्त दाट बाजू दाखवतो. दाट बाजू घरातच असेल, तर पेशी घरीच बसणार.

एकेक रिसेप्टर काढून टाकला की हा फरक उघडा पडतो. सीसीआर५ च्या जनुकातले ३२ घटक गळालेलं रूप १९९६ मध्ये सापडलं. उत्तर युरोपीय वंशाच्या लोकांत साधारण शंभरात एकाला आई-वडील दोघांकडून ते मिळतं, म्हणजे त्याच्या पेशींवर सीसीआर५ नसतोच. अशी माणसं चारचौघांसारखी जगतात. (अगदी फुकटात नाही. वेस्ट नाईल विषाणूचा आजार त्यांना जास्त बाधतो.) याउलट सीएक्ससीआर४ नसलेले उंदीर जन्माच्या आसपासच मरतात. हृदयाच्या कप्प्यांमधली भिंत अपुरी, लहान मेंदूची घडण विस्कटलेली, मज्जेत रक्तपेशींची निर्मिती कोलमडलेली. गर्भात पेशींना आपापल्या जागी नेऊन बसवण्याचं कामही त्याच्याकडे असतं.

तो नको तितका जोरात चालला तरी पंचाईत. व्हिम सिंड्रोम या दुर्मीळ आजारात सीएक्ससीआर४ ची शेपटी सहसा तुटकी असते, त्यामुळे तो वेळेवर बंद होत नाही. मज्जा न्यूट्रोफिलांनी गच्च, रक्त मात्र रिकामं, अंगावर चामखिळी आणि पाठोपाठ संसर्ग. अशाच एका रुग्ण बाईच्या एका मूळपेशीत दुसऱ्या क्रमांकाचं गुणसूत्र आपोआप फुटून पुन्हा जोडलं गेलं, त्यात सीएक्ससीआर४ च्या जनुकाची सदोष प्रत गळाली आणि त्या एका पेशीच्या वंशजांनी तिला बरं केलं. २०१५ मध्ये ही हकीकत प्रसिद्ध झाली.

आता विषाणूकडे. नव्यानं लागण होते ती बहुतेक वेळा सीसीआर५ वापरणाऱ्या एचआयव्हीची. सीएक्ससीआर४ वापरणारे विषाणू दिसलेच तर बरेच उशिरा, आणि भारतात प्रामुख्यानं आढळणाऱ्या सी उपप्रकारात ते तुलनेनं कमीच. टिमथी रे ब्राउन या एचआयव्हीबाधित रुग्णाला बर्लिनमध्ये २००७ मध्ये ल्युकेमियासाठी (रक्ताच्या कर्करोगासाठी) मूळपेशी दिल्या, त्या सीसीआर५ नसलेल्या दात्याच्या. त्यांचा एचआयव्ही परतला नाही. जर्मनीतल्याच एसेनमधल्या दुसऱ्या एका रुग्णाला तशाच दात्याच्या पेशी मिळाल्या, पण त्याच्यात विषाणू उसळून आला, कारण सीएक्ससीआर४ मधून शिरणारे विषाणू त्याच्या अंगात होते. एका दाराला कुलूप घातलं, दुसरं उघडंच होतं. मॅराव्हिरॉक हे सीसीआर५ अडवणारं औषध देण्याआधी रुग्णातला विषाणू कोणतं दार वापरतो हे तपासतात ते याचसाठी.

सीएक्ससीआर४ अडवणाऱ्या प्लेरिक्साफोरची गोष्ट गमतीची. तेही एचआयव्हीसाठीच तयार होत होतं. निरोगी स्वयंसेवकांना दिलं तेव्हा रक्तातल्या पांढऱ्या पेशी अचानक वाढलेल्या दिसल्या: मज्जेचा बंध सुटला होता. एचआयव्हीचं औषध म्हणून ते मागे पडलं, पण २००८ मध्ये अमेरिकेत वेगळ्याच कामासाठी मंजूर झालं. मायलोमा किंवा लिम्फोमा या कर्करोगांच्या रुग्णाच्या स्वतःच्या मूळपेशी गोळा करायच्या असतात, तेव्हा आधी काही दिवस जी-सीएसएफ (मज्जेतल्या पेशी वाढवून रक्तात उतरवणारं औषध) देतात आणि मग पेशी काढण्याच्या साधारण ११ तास आधी याचं इंजेक्शन. रात्री बंध सोडवायचा, सकाळी रक्तात उतरलेल्या पेशी यंत्रातून गाळून घ्यायच्या.