धमकीचा फोन आल्यावर लष्करी तळ लगेच रिकामा का करत नाहीत?

लष्करी तळावर बॉम्बची धमकी देणारा निनावी फोन आला, की फोन घेणाऱ्याने तो ठेवायचा नसतो. समोरच्याला बोलतं ठेवायचं. बॉम्ब कुठे आहे, कधी फुटणार, दिसतो कसा, का ठेवला, हे विचारायचं आणि उत्तरं शब्दशः टिपायची. बोलण्याची ढब, मागून येणारे आवाज, सगळंच. इमारत रिकामी करायची की नाही, हे तळाचा प्रमुख ठरवतो. बाहेरून हा वेळकाढूपणा वाटतो, पण यातल्या बऱ्याचशा नियमांमागे कुणाचे तरी जीव गेलेले आहेत.

जेरुसलेमच्या किंग डेव्हिड हॉटेलच्या दक्षिण भागात ब्रिटिश लष्कराचं मुख्यालय होतं. 22 जुलै 1946 रोजी तिथे स्फोट झाला आणि 91 माणसं गेली. आधी फोनवरून इशारा दिला होता, असं स्फोट घडवणारे सांगत राहिले. तो कुणाला, कधी पोहोचला यावर वाद आहे. इमारत रिकामी झाली नाही, एवढं मात्र खरं. इशारा निर्णय घेणाऱ्यापर्यंत पोहोचायला हवा, हा त्यातला साधा मुद्दा.

पुढचा धडा जास्त कडू होता. 27 ऑगस्ट 1979 रोजी उत्तर आयर्लंडमध्ये वॉरनपॉइंटजवळ रस्त्याकडेला गवताच्या गठ्ठ्यांनी भरलेला ट्रेलर उभा होता. ब्रिटिश सैनिकांचा ताफा शेजारून जाताना त्यातला बॉम्ब फुटला आणि सहा जण ठार झाले. वाचलेले आणि मदतीला आलेले सैनिक समोरच्या दगडी फाटकाच्या आडोशाला जमले. साधारण अर्ध्या तासाने तिथेच दुसरा बॉम्ब फुटला आणि आणखी 12 जण गेले. स्फोटानंतर सैनिक कुठे आसरा घेतात, याचा आयआरएने (ब्रिटिश राजवटीविरुद्ध लढणारी आयरिश सशस्त्र संघटना) आधीच अभ्यास केला होता. म्हणजे शिस्तीने एका जागी जमणं हेच जिवावर बेतलं.

बैरुतमध्ये 1983 साली स्फोटकांनी भरलेला ट्रक थेट बराकीत घुसला, 241 अमेरिकी सैनिक ठार झाले आणि त्यानंतर सुरक्षेचा भर अडथळे व फाटकांवर गेला. पण सौदी अरेबियातल्या खोबर टॉवर्स या अमेरिकी जवानांच्या निवासी इमारतींमध्ये 25 जून 1996 रोजी ट्रक कुंपणाबाहेरच उभा राहिला. गच्चीवरच्या पहारेकऱ्यांना संशय आला. त्यांनी वरच्या मजल्यापासून दारं ठोठावत माणसं उठवायला सुरुवात केली. काही मिनिटांत स्फोट झाला आणि 19 जण गेले. जिन्यात पोहोचलेले पुष्कळ जण वाचले, कारण जिना ट्रकच्या विरुद्ध बाजूला होता. पुढे इमारत आणि कुंपण यांच्यातलं अंतर हा बांधकामाचाच निकष झाला.

आज अमेरिकेत वापरल्या जाणाऱ्या तक्त्यात मोटारीतल्या 500 पौंड स्फोटकांसाठी 320 फुटांच्या आतल्यांनी निघायलाच हवं, असं आहे. 1,900 फुटांपलीकडे गेलेलं उत्तम. मधल्या पट्ट्यात मात्र खिडक्यांपासून लांब, आतच थांबणं बरं, कारण उघड्यावर उडत्या काचा आणि तुकडे गाठतात. संशयित वस्तूजवळ वॉकीटॉकी आणि मोबाइल वापरायचा नाही. रेडिओलहरींनी स्फोटक पेटण्याचा धोका असतो.

बहुतेक धमक्या पोकळच निघतात, आणि खरी पंचाईत तिथेच आहे. दर वेळी तळ रिकामा केला, तर जवान कुठल्या दाराने बाहेर येतात आणि कुठे उभे राहतात, हे बघणाऱ्याला आयतं कळतं. म्हणून जमण्याच्या जागा बदलत्या ठेवतात आणि माणसं पोहोचण्याआधी तिथे तपासणी करून घेतात.