गोळी हवेतच फुटते तेव्हा : नळीतल्या पिळाची पार्श्वभूमी

छोट्या कॅलिबरच्या (म्हणजे नळीच्या लहान व्यासाच्या) वेगवान रायफली वापरणाऱ्या नेमबाजांना कधी कधी एक चमत्कारिक प्रकार दिसतो. बार होतो, खांद्याला धक्का बसतो आणि शंभर मीटरवरच्या कागदावर भोकच नसतं. नळीपुढे हवेत क्षणभर करडी रेघ दिसते. कधी कागदावर शिशाचे बारीक शिंतोडे सापडतात. नेम चुकलेला नसतो, गोळीच वाटेत फुटलेली असते. बहुतेक जण दोष वेगाला देतात. पण वेग हा अर्धाच गुन्हेगार. दोषाचा मोठा धनी नळीतला पीळ आहे, आणि तो तिथवर कसा पोचला हे पाहायचं तर दीडशेहून अधिक वर्षं मागे जावं लागतं.

रायफलच्या नळीत आतून आटे कोरलेले असतात. ते गोळीला फिरवतात, आणि फिरणारी गोळी टोक पुढे ठेवून जाते. किती अंतरात तिचा एक फेरा पुरा होतो, त्यावरून पीळ सैल की घट्ट हे ठरतं. ब्रिटिश सैन्याच्या १८५३ च्या एन्फिल्ड रायफलचा पीळ ७८ इंचांत एक फेरा, इतका सैल होता. हीच ती रायफल, जिच्या चरबीच्या काडतुसांची कुजबुज जानेवारी १८५७ मध्ये कोलकात्याजवळच्या दमदममध्ये सुरू झाली. तिची गोळी सेकंदाला पावणेतीनशे मीटरच्या आसपास जाई आणि मिनिटाला जेमतेम आठ हजार फेरे घेई. तेवढ्याला नुसतं मऊ शिसं पुरत होतं.

त्याच दशकात इंग्लिश अभियंते जोसेफ व्हिटवर्थ यांनी ०.४५१ इंचाची षटकोनी नळी केली आणि पीळ थेट २० इंचांवर आणला. त्यांना लांब, सडपातळ गोळी हवी होती. अशी गोळी हवा चांगली कापते, पण कोलांटी खाऊ नये म्हणून तिला जास्त फिरकी लागते. पुढे वूलिचच्या लष्करी अकादमीतले गणिती ग्रीनहिल यांनी १८७९ मध्ये याचा हिशेब बसवला : गोळीची लांबी तिच्या व्यासाच्या जितकी पट, त्याने १५० ला भागा, तितक्या व्यासांच्या अंतरात एक फेरा हवा. हा साधा नियम आजही पहिल्या अंदाजाला चालतो. मात्र फिरकी किमान किती हवी एवढंच तो सांगतो. जास्तीत जास्त किती झेपेल, याबद्दल त्यात अवाक्षर नाही. त्या काळी तो प्रश्नच पडला नव्हता.

तो पडला बिनधुराच्या दारूमुळे. फ्रान्समध्ये पॉल व्हिएय यांनी १८८४ मध्ये ती तयार केली आणि १८८६ च्या लेबेल रायफलने ती सैन्यात आणली. वेग सेकंदाला सहाशे मीटरपर्यंत चढला. इतक्या जोरात ढकललेलं नुसतं शिसं आटे पकडेना. ते सोलवटत सरळच निघून जाई. उपाय १८८० च्या दशकाच्या सुरुवातीलाच स्वित्झर्लंडचे एडुआर्ड रुबिन यांनी दिला होता : शिशाच्या गाभ्याला तांब्याचं कवच, म्हणजे जॅकेट. ब्रिटिशांच्या .३०३ इंची रायफलची गोळीही अशाच कवचातली, पीळ १० इंचांचा. फेरे मिनिटाला १,४०,००० च्या घरात गेले.

इथे दमदम पुन्हा येतं. वायव्य सरहद्दीवरच्या १८९५ च्या चित्रळ मोहिमेनंतर .३०३ ची गोळी शत्रूला थोपवत नाही, आरपार जाते, अशी तक्रार झाली. तेव्हा दमदमच्या कारखान्यात कॅप्टन बर्टी-क्ले यांनी जॅकेटचं टोक उघडं ठेवलं. १८९९ च्या हेग परिषदेने अशा गोळ्यांवर बंदी घातली, ती त्यांनी होणाऱ्या भीषण जखमांमुळे, आणि ते योग्यच झालं. आपल्या विषयापुरतं एवढंच, की जॅकेट कुठे उघडं आणि किती जाड, यावर गोळीचं वागणं ठरतं हे जगाला तेव्हा ढळढळीत दिसलं.

आता थोडं गणित. फिरत्या चाकाचा चिखल जसा बाहेर फेकला जातो, तसं गोळीतलं शिसं सतत बाहेर जाऊ पाहतं. हा ताण फेऱ्यांच्या वर्गाच्या पटीत वाढतो : फेरे दुप्पट, तर ताण चौपट. मिनिटाला तीन लाख फेरे घेणाऱ्या ५.५६ मिमीच्या गोळीच्या कडेवर गुरुत्वाकर्षणाच्या जवळपास तीन लाख पट ओढ असते. शुद्ध शिसं ती स्वतःच्या ताकदीवर सोसूच शकत नाही. गोळी एकसंध राहते ती जॅकेटच्या जोरावर, आणि त्याच जॅकेटवर आट्यांनी नुकतेच चरे पाडलेले असतात. फुटायचं झालं तर ते बहुधा त्या चऱ्यांवरच फाटतं.

अमेरिकेच्या विन्चेस्टर कंपनीच्या १९३५ च्या .२२० स्विफ्ट या काडतुसाचं उदाहरण मला फार बोलकं वाटतं. त्याची ४८ ग्रेनची (सुमारे तीन ग्रॅमची) गोळी सेकंदाला १,२५० मीटर वेगाने सुटे, पण पीळ १४ इंचांचा, म्हणून फेरे मिनिटाला सुमारे २,११,०००. आजच्या ७ इंची पिळाच्या रायफलीतून कितीतरी कमी वेगाने सुटलेली गोळी याच्या दीडपट फिरते.

हा ७ इंची पीळ आला कुठून? अमेरिकी सैन्याच्या एम-१६ रायफलचा पीळ आधी १४ इंच होता. कडाक्याच्या थंडीत हवा दाट होते आणि त्यात गोळी डगमगते असं दिसल्यावर १९६३ मध्ये तो १२ केला. १९८० मध्ये नाटोने जास्त लांब एसएस१०९ गोळी स्वीकारली. तिला खरं तर ९ इंचांचा पीळ पुरला असता. पण तिच्या जोडीची ट्रेसर (जाताना जळत वाट दाखवणारी) गोळी आणखी लांब, तिच्यासाठी ७ लागला. १२ वरून ७ वर येताना फेरे मिनिटाला दोन लाखांच्या थोडं खालून तीन लाखांच्या वर गेले आणि ताण सुमारे अडीच पट झाला. लष्करी गोळीचं जॅकेट जाड, तिला ते झेपलं. पण उंदीर-खारींसारख्या प्राण्यांवर लगेच फुटावी म्हणून मुद्दाम कागदासारख्या पातळ जॅकेटची केलेली, १४ इंची पिळाच्या जमान्यातली गोळी कुणी याच नळीतून मारली, की करडी रेघ उमटते.

लांब पल्ल्याच्या स्पर्धांत दुसरंच कारण निघालं. लांब नळीतलं घर्षण आणि तापलेली नळी यांनी गाभ्यातलं शिसं वितळू लागतं आणि आधार गेलेलं जॅकेट फाटतं. अमेरिकेच्या बर्जर कंपनीने त्यासाठी जाड जॅकेटच्या स्पर्धेच्या गोळ्या वेगळ्या काढल्या. घासलेली, खरबरीत नळी हा धोका वाढवते. आणि हवेत वेग झपाट्याने उतरतो, फिरकी मात्र फार हळू. त्यामुळे गोळी पुढे गेली म्हणून ताण सुटत नाही.

अमेरिकेच्या बार्न्स कंपनीने १९८९ मध्ये आणलेल्या अख्ख्या तांब्याच्या गोळीत गाभाच नाही, मग तो सुटायचाही नाही. कॅलिफोर्नियात २०१९ पासून शिकारीत शिशाला पूर्ण बंदी आहे, त्यामुळे अशा गोळ्यांचा वापर वाढला. तांबं शिशापेक्षा हलकं, म्हणून त्याच वजनाची गोळी जास्त लांब होते आणि ग्रीनहिलच्या हिशेबाने तिला पीळ आणखी घट्ट लागतो. तिला तो सोसतोही.