मेन्यूकार्डावर नुसते कबाबच का?

लंडन किंवा लॉस एंजेलिसमधल्या पर्शियन, म्हणजे इराणी रेस्टॉरंटात पहिल्यांदा गेलेला माणूस थोडा हिरमुसतोच. एवढी जुनी खाद्यसंस्कृती, आणि मेन्यूकार्ड उघडावं तर पानभर कबाब. कूबिदे म्हणजे खिम्याचा, बर्ग म्हणजे ठोकून पातळ केलेल्या अख्ख्या मांसाचा, जूजे कोंबडीचा. बर्ग आणि कूबिदे एकाच ताटात आले की ते सुलतानी. अस्मानी-सुलतानी ऐकत वाढलेल्या मराठी कानाला हे नाव जरा दचकवतं. अक्रोड-डाळिंबातलं फेसेंजान, पालेभाजीत मुरवलेलं घोर्मे सब्जी ही खरी शिजवण्याची कसोटी, पण त्यांना कोपऱ्यातल्या दोन-चार ओळी.

याचं मूळ तेहरानच्या बाजारात आहे. इराणात रस्सेदार खोरेश घरी रटरटतं. ते बाहेर जाऊन कोण खाणार? कबाबाला मात्र निखारे हवेत, हातभर सळया हव्यात, धूर सोसणारी जागा हवी. म्हणून तो एकतर सहलीला भाजायचा, नाहीतर दुकानात जाऊन खायचा.

चेलो-कबाबची, म्हणजे भात-कबाबाची दुकानं रुजली ती इराणच्या काजार राजवटीत, नासिरुद्दीन शाहच्या काळात (१८४८–१८९६). शाहला हा पदार्थ भारी आवडे आणि तो कॉकेशसकडून आला, असं सांगतात. बाजारातलं नावाजलेलं जुनं दुकान 'नायब'चं. नायब हा शब्द आपल्याला तहसील कचेरीतून ओळखीचा. तेहरानमध्ये तो कबाबाची पाटी झाला. तिथे जेवायला येणारे मुख्यतः बाजारातले व्यापारी. तेव्हा बहुतेक इराणी लोक रोटीवर जगत. तांदूळ यायचा कॅस्पियन किनाऱ्यावरच्या गिलान-माझंदरानातून. त्यामुळे भातावर लोणी आणि वर मांस हे ताट परवडणारा माणूस खाऊनपिऊन सुखी समजावा.

चेलो म्हणजे हा भात, आणि माझ्या मते ताटातली खरी कारागिरी त्यातच आहे. तांदूळ मिठाच्या पाण्यात भिजवायचा, अर्धा कच्चा असतानाच वेळून घ्यायचा, मग झाकणाला फडकं गुंडाळून मंद वाफेवर ठेवायचा. शीत न् शीत सुटं होतं आणि तळाशी धरते ती सोनेरी, कुरकुरीत खरवड, म्हणजे तहदीग. आपल्याकडे खरवड पोरं भांडून खातात. तिथे ती पाहुण्यांपुढे मानाने ठेवतात. जुन्या पद्धतीत वाढपी सळया घेऊनच येई, लवाश रोटीच्या चिमटीत मांस धरून सळई सर्रकन ओढून घेई. भाताच्या ढिगात खळगा करून लोणी, त्यावर अंड्याचा कच्चा बलक, वरून आंबट तांबडी सुमाक पूड. सोबत भाजलेला टोमॅटो, कच्चा कांदा आणि दूग, म्हणजे पुदिन्याचं ताक.

ही दुकानं निव्वळ पोटापुरती नव्हती. १९५१ साली तेलाचं राष्ट्रीयीकरण झालं आणि पैशाच्या ओढाताणीत पंतप्रधान मोसाद्देक यांच्या सरकारने जनतेसाठी कर्जरोखे काढले. ते घ्यायला पुढे सरसावलेल्यांत हसन शमशिरी हा बाजारातला चेलो-कबाबवाला होता. १९५३ च्या सत्तापालटात मोसाद्देक गेले, त्यानंतर त्याला इराणच्या आखातातल्या खार्ग बेटावर हद्दपार करण्यात आलं.

१९७९ च्या क्रांतीनंतर हजारो इराणी परदेशी गेले. लॉस एंजेलिसच्या वेस्टवूड भागाला तर 'तेहरानजेलिस' हे टोपणनाव पडलं. तिथे रेस्टॉरंट काढताना डोळ्यांसमोर नमुना होता तो बाजारातल्या चेलो-कबाबच्या दुकानाचा. घरची चव घरीच राहिली.

मग मुंबई-पुण्याच्या इराण्याकडे हे ताट का नाही? कारण तो इराणी वेगळा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून इथे आले ते यझ्द-केरमानकडचे, बहुतांशी झरथुष्ट्री. गाठीला फारसं काही नव्हतं. त्यांनी चहा, ब्रुन-मस्का आणि खिमा-पाव विकला. बॅलार्ड इस्टेटमधल्या, १९२३ च्या 'ब्रिटानिया'त बेरी पुलाव मिळतो. आंबट लाल बेरी घातलेल्या इराणी झेरेश्क पोलोचा हा मुंबईकर भाऊबंद. चेलो कबाबसाठी मात्र भारतात लोक कोलकात्याचं नाव घेतात. पार्क स्ट्रीटवरच्या 'पीटर कॅट'ने १९७५ पासून त्याला तिथलंच करून टाकलंय. भात, लोणी, कबाब सगळं आहे. फक्त बलक कच्चा नाही, वर तळलेलं अंडं येतं.