ऑनलाइन दुकानात यूपीआय पेमेंट सुरू करण्यासाठी पात्रता, कागदपत्रं आणि अर्ज

वेबसाइटवर स्वतःचा क्यूआर कोड लावायचा आणि ग्राहकाकडून व्हॉट्सअ‍ॅपवर स्क्रीनशॉट मागवायचा, अशी बरीच छोटी दुकानं चालतात. ऑर्डरी मोजक्या असतात तोवर निभावतं. वाढल्या की कोणते पैसे कोणत्या ऑर्डरचे याचा मेळ लागत नाही, बनावट स्क्रीनशॉट येऊ लागतात आणि बचत खात्यात रोज व्यवसायाची रक्कम जमा होताना दिसली की बँक खुलासा मागू शकते. रीतसर मार्ग म्हणजे पेमेंट अ‍ॅग्रिगेटरकडे, म्हणजे दुकानांच्या वतीने ग्राहकांकडून ऑनलाइन पैसे घेऊन ते दुकानाच्या खात्यात जमा करणाऱ्या कंपनीकडे, व्यापारी म्हणून नोंदणी करणं. निवडलेल्या कंपनीला रिझर्व्ह बँकेची परवानगी आहे का, हे आधी बँकेच्या संकेतस्थळावरच्या यादीत बघून घ्या. परवानगी असलेल्या कंपनीला ग्राहकांचे पैसे वेगळ्या एस्क्रो खात्यात (फक्त असे पैसे सांभाळण्यासाठीच्या बँक खात्यात) ठेवावे लागतात, त्यामुळे तुमची रक्कम तिच्या स्वतःच्या पैशांत मिसळत नाही.

अर्ज एकल मालकीची फर्म, भागीदारी संस्था, एलएलपी, कंपनी, ट्रस्ट यांपैकी कुणीही करू शकतं. कंपनीला स्थापनेचं प्रमाणपत्र, मेमोरँडम आणि आर्टिकल्स, कंपनीचं पॅन, सही करणाऱ्याच्या नावाचा संचालक मंडळाचा ठराव आणि दहा टक्क्यांहून जास्त मालकी असलेल्यांची ओळखपत्रं द्यावी लागतात. भागीदारीत करारपत्र आणि संस्थेचं पॅन लागतं.

एकल मालकीत मात्र खरी अडचण येते, कारण फर्मला वेगळं पॅन नसतं. मालकाचं पॅन तेच फर्मचं. त्यामुळे व्यवसायाचं अस्तित्व इतर कागदांवरून दाखवावं लागतं. फर्मच्या नावाने चालू खातं उघडताना बँक साधारणपणे असे दोन पुरावे मागते. उद्यम नोंदणी (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी) प्रमाणपत्र सर्वात सोपं: आधार आणि पॅन वापरून सरकारी पोर्टलवर ते मोफत मिळतं, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. दुसरा पुरावा म्हणून महाराष्ट्रात शॉप अ‍ॅक्टची पावती चालते. कामगार थोडेच असतील तर २०१७ च्या कायद्यानुसार परवान्याऐवजी फक्त ऑनलाइन सूचना द्यायची असते.

जीएसटीबाबत गैरसमज फार आहेत. राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्याला वार्षिक ४० लाख रुपयांच्या उलाढालीपर्यंत नोंदणीची सक्ती नाही, हे महाराष्ट्रापुरतं खरं आहे. पण वेबसाइटवरून करपात्र माल दुसऱ्या राज्यात पाठवला की पहिल्या ऑर्डरपासून नोंदणी लागते. फक्त काही हस्तकला वस्तूंना यातून सवलत आहे. म्हणजे कुरिअरने देशभर माल पाठवणार असाल तर जीएसटी क्रमांक आधी घ्या, अर्ज मग करा. खाद्यपदार्थ विकत असाल तर एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) क्रमांकही जोडावा लागतो.

अर्ज अडकण्याचं नेहमीचं कारण म्हणजे नावातली तफावत. उद्यमवर ‘मृण्मयी क्रिएशन्स’, बँकेत ‘मृण्मयी क्रिएशन’, वेबसाइटच्या तळाशी तिसरंच काहीतरी, असं असलं की तपासणी करणारा पुढे जाऊच शकत नाही. अ‍ॅग्रिगेटर खात्यात एक रुपया पाठवून बँकेत नोंदलेलं नाव मिळवतो आणि ते अर्जातल्या नावाशी ताडतो. म्हणून अर्जाआधी सगळे कागद शेजारी ठेवून नाव आणि पत्ता अक्षर न अक्षर जुळवा. दुरुस्ती लागलीच तर आधी बँकेत करा. रद्द केलेल्या चेकवर नाव छापलेलं नसेल तर त्याऐवजी खात्याचं स्टेटमेंट द्या. आधारची प्रत देताना पहिले आठ अंक झाकलेली वापरा.

कागदांइतकीच वेबसाइटही तपासली जाते. ‘लवकरच सुरू’ असं पान असेल किंवा वस्तूंना किंमत नसेल तर अर्ज परत येतो. संपर्काच्या पानावर खरा पत्ता आणि चालू फोन हवा. परतावा, ऑर्डर रद्द करणं, माल पोहोचवणं, गोपनीयता आणि अटी यांची पानं लागतात. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव देणं बंधनकारक आहे. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवं. दुसऱ्या दुकानाची पानं उतरवून घेताना त्यांचं नाव तसंच राहून जातं, आणि ते पकडलं जातं.

मंजुरीनंतर वेबसाइट अ‍ॅग्रिगेटरला जोडणाऱ्या चाचणीच्या की (गुप्त संकेतांक) बदलून खऱ्या की टाकायच्या. मोबाइलवर ग्राहकाला थेट त्याच्या यूपीआय अ‍ॅपमध्ये नेणारी इंटेंट पद्धत आणि संगणकावर क्यूआर, अशी मांडणी ठेवा. रक्कम बहुतेक ठिकाणी रुपयांत नव्हे, पैशांत द्यावी लागते: ४९९ रुपयांसाठी ४९९००. ऑर्डर पक्की करण्यासाठी ग्राहक ‘धन्यवाद’ पानावर परत येण्याची वाट बघू नका. पैसे भरून तो अ‍ॅप तिथेच बंद करतो आणि ब्राउझर परत येतच नाही. अ‍ॅग्रिगेटरकडून तुमच्या सर्व्हरवर आपोआप येणारा पेमेंटचा संदेश, म्हणजे वेबहुक, त्याची डिजिटल सही पडताळून, हाच आधार धरा. एकच वेबहुक दोनदा येऊ शकतो, तेव्हा तोच पेमेंट क्रमांक पुन्हा आला तर नवी ऑर्डर बनू देऊ नका.

यूपीआयवर १ जानेवारी २०२० पासून व्यापाऱ्याला एमडीआर (व्यवहारामागे बँकांना द्यायचं शुल्क) नाही. तरीही अ‍ॅग्रिगेटर स्वतःच्या सेवेचं शुल्क लावू शकतो आणि त्यावर १८ टक्के जीएसटी येतो. यूपीआयला जोडलेल्या रूपे क्रेडिट कार्डाचं शुल्क वेगळं असतं. दरपत्रकात या दोन ओळी नीट वाचा.

ग्राहकाच्या खात्यातून पैसे गेले पण तुमच्याकडे नोंद नाही, असं झालं तर त्याच्याकडून बारा अंकी यूटीआर (व्यवहार क्रमांक) घ्या आणि अ‍ॅग्रिगेटरच्या डॅशबोर्डवर शोधा. तिथे नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत रक्कम आपोआप परत जायला हवी. त्यापुढे बँकेला ग्राहकाला दर दिवशी १०० रुपये भरपाई द्यावी लागते. त्याला हे स्पष्ट सांगा आणि स्वतःच्या खिशातून घाईने परतावा पाठवू नका, नाहीतर त्याला पैसे दोनदा मिळतील.

पुढे बँक खातं बदललं किंवा अर्जात न लिहिलेला माल विकायला घेतला, तर आधी कळवून नवी पडताळणी करून घ्या. कपड्यांसाठी मंजूर झालेल्या दुकानात अचानक औषधं किंवा पूरक आहार दिसला तर जमा रक्कम रोखून धरली जाऊ शकते, आणि ती सोडवायला पहिल्या अर्जापेक्षा जास्त कागद लागतात.