प्रात्यक्षिकाची वही जपून ठेवा

मानसशास्त्राच्या बहुतेक विद्यार्थ्यांनी म्यूलर-लायर भ्रमाचा प्रयोग केलेला असतो. दोन रेघांच्या टोकांना उलटसुलट बाण काढले, की सारख्या लांबीच्या रेघा लहान-मोठ्या दिसतात. प्रयुक्ताने, म्हणजे ज्याच्यावर प्रयोग चालला आहे त्याने, पट्टी सरकवून त्या सारख्या करायच्या आणि चूक मिलिमीटरमध्ये नोंदवायची. पट्टी निम्म्या वेळा आतून बाहेर सरकवायची, निम्म्या वेळा बाहेरून आत. नाहीतर हाताच्या सवयीची चूक भ्रमाच्या खात्यात जमा होते.

परीक्षा झाली की ही वही माळ्यावर जाते, याचं वाईट वाटतं. कारण नुसत्या बी.ए.वर जे काम मिळू शकतं, त्यातलं बरंचसं या वहीतलंच आहे. पैसे पाठवण्याचं ॲप तपासायचं असेल तर पाच-सहा जणांच्या हातात फोन द्यायचा, एकेक काम सांगायचं आणि कोण कुठे अडखळतो ते सेकंदांसह टिपायचं. कामांचा क्रम इथेही आलटून-पालटून ठेवावा लागतो. सरावाने शेवटचं काम उगाच सोपं भासतं. नवखा माणूस चुकतो तो प्रश्नात. "हे सोपं वाटलं ना?" असं विचारलं की समोरचा भिडेखातर हो म्हणतो. "आता काय करताय?" एवढंच विचारावं आणि गप्प बसावं. ग्राहक-सर्वेक्षण आणि नोकरभरतीच्या चाचण्यांनाही हीच शिस्त लागते. सोबत एक्सेल पक्कं हवं, आणि जमलं तर आर ही आकडेवारीच्या विश्लेषणाची संगणक-भाषा.

शाळेत स्वमग्न मुलासोबत शॅडो टीचर, म्हणजे वर्गात त्याच्या जोडीला बसणारा मदतनीस, म्हणून वर्षभर काम केलं, तर आपल्याला हे झेपतं का ते कळतं. झेपलं, तर विशेष शिक्षणातलं बी.एड. हा पुढचा रस्ता.

उपचारांचं मात्र वेगळं आहे. बी.ए.नंतर तीन महिन्यांचं प्रमाणपत्र घेऊन समुपदेशनाची पाटी लावणं धोक्याचं आहे. झोप लागत नाही म्हणून आलेल्या माणसाच्या मनात आत्महत्येचा विचार आहे का, हे थेट विचारायला आणि उत्तर 'हो' आलं तर पुढची पावलं उचलायला अनुभवी माणसाच्या देखरेखीखालीच शिकावं लागतं. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते. आजवरचा रुळलेला मार्ग सात वर्षांचा: बी.ए.ची तीन, एम.ए.ची दोन, एम.फिल.ची दोन. विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) या एम.फिल.ला 2025-26 पर्यंतच मुदतवाढ दिली आणि परिषदेने नवे अभ्यासक्रम आणले, त्यामुळे सीनियरने सांगितलेल्या वाटेवर विसंबू नका. 2025 च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्राचे दूरस्थ आणि ऑनलाइन प्रवेशही यूजीसीने थांबवले आहेत.

फी भरण्याआधी परिषदेच्या संकेतस्थळावरच्या मान्यताप्राप्त संस्थांच्या यादीत तीन गोष्टी पाहा: संस्थेचं नाव, नेमका तोच अभ्यासक्रम आणि मान्यता कोणत्या वर्षापर्यंत आहे. संस्था यादीत असते, पण जाहिरातीतला अभ्यासक्रम नसतो, असंही घडतं.